चाल : कुठे करायची, कुठे खेळायची, कुठे लावायची

"सैन्याने पहाटे नदीच्या दिशेने चाल खेळली."

एका अनुवादाच्या मुद्रितात हे वाक्य समोर आलं. मी 'खेळली'भोवती गोल काढला आणि समासात 'केली' लिहिलं. दुसऱ्या दिवशी अनुवाद करणारी मुलगी कोश हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आली. "ताई, यात चाल म्हणजे डावपेच असं दिलंय. डावपेच खेळतात. मग चाल खेळली म्हटलं तर काय बिघडलं?"

प्रश्न मनापासूनचा होता आणि तिचा तर्कही सरळ होता. मी म्हटलं, "चाल खेळली म्हटलंस की सैन्य छावणीतच राहिलं आणि सेनापतीचं डोकं कामाला लागलं. चाल केली म्हटलंस की सैन्य उठून निघालं. तुझ्या पानावर काय झालंय? पुढच्या ओळीत त्यांचे बैल चिखलात रुतलेत. म्हणजे निघालेत ना?"

तिने वाक्य पुन्हा वाचलं, 'केली' मान्य केलं आणि मग विचारलं, "पण हे कोशात कुठे आहे?" खरं आहे, कोश अर्थ देतो, शेजार देत नाही. मुद्रितं तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आणि या दोन अक्षरी शब्दाशेजारी मी जितक्या वेळा पेन टेकवलं तितकं क्वचितच दुसऱ्या शब्दाशी टेकवलं असेल. म्हणून तिच्यासाठी जे कागदावर उतरवून दिलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. संस्कृतातल्या 'चल्' या धातूपासून हे सगळं कुटुंब आलं: चल, अचल, चंचल, हातोहात फिरणारं चलन, चालक, चालना, चालू. (चालाख मात्र या घरातला नाही. तो फारसीतल्या 'चालाक'वरून आला. चाल खेळणारा चालाख असतो म्हणून आपण दोघांना भावंडं समजतो, इतकंच.) पण चाल म्हणजे नुसतं हलणं नाही. वाऱ्याने पान हललं, तर ती हालचाल. झोपेत बाळाने हात हलवला, तीही हालचाल. त्याच हलण्याला रीत आली, पुढचं पाऊल कुठे पडणार हे ठरलं, की ती चाल होते. घोड्याचे पाय ठरावीक क्रमाने पडतात म्हणून दुडकी ही चाल. सूर ठरावीक वाटेने जातात म्हणून गाण्याला चाल. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाच तऱ्हेने वागतात म्हणून तीही चाल. आणि शत्रूने आधीपासून मनात आखून ठेवलेली पुढची पावलं, ती तर चालच. अर्थ एकच आहे, तो वेगवेगळ्या ठिकाणी राहायला गेलाय. कुठे राहायला गेलाय हे शेजारचं क्रियापद सांगतं. म्हणून चाल वापरताना आधी क्रियापद निवडायचं. ते बरोबर असलं की वाक्य आपोआप सरळ होतं.

लिंगाचं आणि रूपांचं काम थोडक्यात उरकते. चाल स्त्रीलिंगी. एक चाल, दोन चाली. पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की चालीने, चालीत, चालीवर. अनेकवचनी प्रत्यय लागताना अनुस्वार विसरू नका: 'या चालीचा अर्थ' एकीचा, 'पन्नास चालींचा नियम' अनेकींचा. ही चूक मला रोज दिसते. तिच्याहून मोठी चूक ल आणि ळ यांची. चाळ म्हणजे ओळीने खोल्या असलेली इमारत, किंवा नाचताना पायात बांधायचे घुंगरांचे चाळ. चाल म्हणजे चाल. 'त्याची चाळ ओळखली' असं छापलं गेलं तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं की पत्ता सापडला. उलट हिंदीच्या वळणाने हल्ली 'चालीतलं जीवन' असंही दिसतं. तिथे ळ हवा.

पटावरची चाल

या शब्दाशी माझी ओळख बुद्धिबळाच्या पटावर झाली. आजोबा शिकवायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. घोड्याला हात लावला, मग मनात आलं की उंट बरा, आणि हात उचलला. आजोबांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "अगं, हात लावलास ना? आता घोडाच चालव." मी रडवेली झाले. ते म्हणाले, "चाल मनात करायची असते. पटावर फक्त दाखवायची." पुढे भाषेच्या कामात आले तेव्हा कळलं की त्या दोन वाक्यांत त्यांनी दोन क्रियापदं अचूक वापरली होती. मोहरा 'चालवायचा' असतो. चाल 'करायची' किंवा 'खेळायची' असते. 'घोडा खेळला' म्हटलं तर घोडा बागडतोय असं वाटतं. 'त्याने घोडा चालवला' किंवा 'घोड्याची चाल केली' म्हणा. मोहरा स्वतःच कर्ता असेल तर साधं 'चालतो' पुरतं: हत्ती सरळ चालतो, उंट तिरका चालतो, घोडा अडीच घरं चालतो.

पटावर चाल हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि दोन्ही रोजचे आहेत. 'तुझी चाल' म्हणजे आता तुझी पाळी. 'तुझी चाल चुकली' म्हणजे तू केलेली खेळी चुकली. संदर्भ असला की गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो चाल आणि डाव यांच्यात. डाव म्हणजे पहिल्या प्याद्यापासून मात होईपर्यंतचा सबंध खेळ. चाल म्हणजे त्यातलं एक पाऊल. 'तिने तिसरी चाल जिंकली' असं एका बातमीत आलं होतं. तिथे 'तिसरा डाव' हवा होता. (कुस्तीत मात्र डाव हेच पाऊल असतं. तिथे मल्ल डाव टाकतो, आणि कुस्तीच्या बातमीत चाल फारशी येतही नाही.)

मोजणीची एक गंमत इथे सांगायलाच हवी, कारण बातमी लिहिणारे हमखास अडखळतात. बुद्धिबळाच्या नोंदीत पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी जोडी मिळून एक क्रमांक पडतो. म्हणून 'चाळीस चालींचा डाव' म्हणजे दोघांनी मिळून जवळपास ऐंशी वेळा मोहरे हलवले. पांढऱ्याला पहिल्या चालीत वीस पर्याय असतात: आठ प्यादी एक किंवा दोन घरं पुढे, हे सोळा, आणि दोन घोड्यांना प्रत्येकी दोन घरं, हे चार. किल्लेकोटात (इंग्रजीत कॅसलिंग) राजा आणि हत्ती असे दोन मोहरे जागा बदलतात, तरी ती एकच चाल. 'किल्लेकोटाच्या दोन चाली' असं लिहू नका. आणि पन्नास चालींच्या नियमात प्रत्येक खेळाडूच्या पन्नास चाली धरतात: तेवढ्यात कुणी प्यादं हलवलं नाही, कुणाचा मोहरा मारला गेला नाही, तर खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो.

घड्याळ लावून खेळायच्या स्पर्धेत 'चाल केली' आणि 'चाल पूर्ण झाली' यातही फरक करतात. मोहरा नव्या घरात ठेवून हात काढला की चाल झाली, ती बदलता येत नाही. घड्याळाची कळ दाबली की ती पूर्ण झाली. पंचाच्या निर्णयाची बातमी लिहिताना हा फरक जपा. सगळा वाद त्या एका सेकंदाचा असू शकतो.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव चालू होता. डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, डी. गुकेश काळ्या. पंचावन्नाव्या चालीत डिंगने हत्ती एफ-२ या घरात नेला. हत्ती मारले गेले, उंट मारले गेले, आणि प्याद्यांचा उरलेला शेवट गुकेशच्या बाजूचा होता. साडेसात-साडेसहा असा निकाल लागला आणि अठराव्या वर्षी गुकेश विश्वविजेता झाला. त्या रात्री माझ्यासमोर जो मजकूर आला त्यात 'डिंगच्या पंचावन्नाव्या चालीमुळे खेळी उलटली' असं होतं. खेळी कुणाची? उलटली कुणावर? मी तिथे 'पंचावन्नाव्या चालीत डिंगची चूक झाली आणि डाव फिरला' असं केलं. चाल, चूक आणि डाव, तिघं आपापल्या जागी बसले की वाक्यात धावपळ उरत नाही.

फौजेची चाल

आता सैन्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मराठीत फौज निघण्याचे किती शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कूच म्हणजे तळ उठवून निघणं. फौजेने कूच केलं, म्हणजे ती निघाली, कुठे पोहोचली ते अजून सांगितलेलं नाही. मजल म्हणजे एका दिवसाचा टप्पा, म्हणून मजल दरमजल करत जाणं. मुक्काम म्हणजे थांबणं. हूल म्हणजे येतोय असं दाखवून दुसरीकडे जाणं. आणि चाल म्हणजे कुणावर तरी जाणं. समोर लक्ष्य असल्याशिवाय चाल करून जाता येत नाही. 'सैन्याने घराकडे चाल केली' हे चुकलं. घराकडे कूच होईल, फार तर परत फिरणं होईल. 'किल्ल्यावर चाल केली' हे बरोबर. 'वर' आणि 'कडे' या शब्दयोगी अव्ययांतही फरक आहे. 'शहराकडे कूच', 'शहरावर चाल'. 'वर' आला की हल्ल्याचा इरादा आला. माझ्या त्या मुलीच्या वाक्यात 'नदीच्या दिशेने' होतं ते मी राहू दिलं, कारण शत्रूचा तळ नदीच्या काठावरच होता आणि मागच्या परिच्छेदात तसं आलं होतं.

हे सगळे शब्द एकाच मोहिमेत बघायचे असतील तर पालखेड घ्या. १७२७च्या उत्तरार्धात बाजीराव पेशवा आणि निजाम-उल्-मुल्क यांच्यात संघर्ष पेटला. निजामाकडे जड तोफखाना होता. बाजीरावाकडे हलकं घोडदळ. समोरासमोर उभं राहण्याऐवजी बाजीराव जालना, खानदेश, बुऱ्हाणपूरच्या बाजूने गुजरातेपर्यंत फिरला. इकडे निजामाने पुण्यावर चाल केली. तेव्हा बाजीरावाने औरंगाबादेला धोका निर्माण केला आणि निजामाला पुणे सोडून परतावं लागलं. वेगाने यायचं म्हणून तोफखाना मागे ठेवावा लागला. फेब्रुवारी १७२८मध्ये वैजापूरजवळ पालखेडला तो कोंडीत सापडला, पाणी आणि रसद तोडली गेली, आणि ६ मार्च १७२८ला मुंगी-शेवगावचा तह झाला.

आता शब्द लावून बघा. बाजीरावाने खानदेशाकडे कूच केलं. बुऱ्हाणपूरला हूल दिली. निजामाने पुण्यावर चाल केली. औरंगाबादेकडे वळणं ही बाजीरावाची चाल होती, म्हणजे डावपेच. शेवटच्या दोन वाक्यांत चाल शब्द दोनदा आला आणि दोनदा वेगळा निघाला. निजामाने ती 'केली', तिथे घोडे दौडले. बाजीरावाची ती 'होती', तिथे विचार दौडला. 'निजामाने चाल खेळली' असं लिहिलंत तर इतिहासाचा अर्थच उलटा होतो, कारण त्या मोसमात चाल खेळत होता तो बाजीराव.

'चालून येणे' हा याच्याच घरातला वाक्प्रचार आहे आणि तो दोन दिशांना जातो. शत्रू चालून येतो तेव्हा तो ठरवून येतो. संधी चालून येते तेव्हा ती न बोलावता, आपण काही न करता येते. स्थळ चालून आलं, काम चालून आलं. म्हणून 'तिने मेहनतीने मिळवलेली संधी चालून आली' हे जमत नाही. मेहनतीने मिळवली तर ती चालून आलेली नाही.

माणसाची चाल आणि त्यातला संशय

पटावर चाल शब्द निर्मळ असतो. माणसाबद्दल वापरला की त्यात लगेच संशय येतो. 'ही त्यांची चाल आहे' म्हटलं की बोलणाऱ्याने समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवलं. चाल रचतात, चाल खेळतात, ओळखतात, उधळतात, आणि ती कधी अंगलट येते. या क्रियापदांत कुठेही कौतुक नाही. म्हणून कुणाचा निर्णय तटस्थपणे सांगायचा असेल तर 'पाऊल' लिहा. कौतुकाने सांगायचा असेल तर 'खेळी' बरी, तिच्यात कौशल्याचा मान आहे. (क्रिकेटात खेळी म्हणजे फलंदाजाचा सबंध डाव, हे ध्यानात ठेवा. क्रिकेटपटू राजकारणात आला की दोन अर्थ एकाच वाक्यात आपटतात.) कावा म्हणाल तर त्यात उघड फसवणूक आली. मूळ कावा म्हणजे घोड्याला गोल फिरवणं, आणि शत्रूला गोल फिरवणं हा त्याचाच पुढचा अर्थ. पवित्रा म्हणजे पाऊल उचलायच्या आधी घेतलेला आव, त्यात अजून कुणी हललेलं नसतं. म्हणून 'पवित्रा घेतला' आणि 'चाल खेळली' एकमेकांच्या जागी येत नाहीत.

मी बातमी तपासते तेव्हा एवढंच विचारते: हेतू आपल्याला माहीत आहे का? माहीत नसेल तर 'चाल' हा शब्द आपल्या तोंडी नको. आरोप करणाऱ्याच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, तो राहू दे. 'विरोधकांची ही चाल असल्याचा आरोप त्यांनी केला' हे ठीक. 'विरोधकांनी चाल खेळली' असं आपणच लिहिलं तर आपण निकाल देऊन बसलो.

'हालचाली' मात्र अनेकवचनात आल्या की चालींपेक्षा सौम्य होतात. रुग्णाच्या हाताची हालचाल एकवचनी, शरीराची. 'पक्षात हालचाली सुरू झाल्या' अनेकवचनी, त्या बैठका, फोन, भेटीगाठी. त्या कुठे जाणार हे अजून दिसत नाही, म्हणून त्यांना चाल म्हणायची घाई करू नये.

सुरांची चाल

गाण्याला चाल 'लावतात', कधी 'बांधतात', आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर ती 'बसवतात'. 'चाल केली' इथे फिकं वाटतं. 'चाल खेळली' तर विचित्रच. 'अमक्या चालीवर' म्हणायचं, 'अमक्या चालीत' म्हणायचं, दोन्ही चालतं, पण अर्थ थोडा हलतो. 'चालीवर' म्हणजे जुन्या सुरावटीवर नवे शब्द ठेवले. 'चालीत' म्हणजे त्या धाटणीत गायलं. 'अभंग वारकरी चालीत म्हटला' हे बरोबर. तिथे कुठल्या एका विशिष्ट गाण्याची नक्कल केलेली नाही.

संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर 'चाल' असं लिहून एखाद्या जुन्या पदाची ओळ छापलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८०ला झाला, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला साकी, दिंडी अशी पद्यप्रकारांची नावं घेतली की सूर कानात उभा राहायचा. वेगळी स्वरलिपी द्यायची गरज पडायची नाही. पुढे १९११मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं मानापमान रंगमंचावर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. इथे एक बारकावा: 'त्या पदांचे शब्द खाडिलकरांचे, चाली टेंब्यांच्या' असं अनेकवचन येतं, कारण प्रत्येक पदाची चाल वेगळी. एकाच गाण्याबद्दल बोलत असाल तर 'चाल'.

वृत्तांच्या नावांतही चाल दडलेली आहे आणि हे मला फार आवडतं. भुजंगप्रयात म्हणजे सापाचं जाणं. मंदाक्रांता म्हणजे हळू पावलं टाकणारी. द्रुतविलंबित म्हणजे झपझप आणि मग संथ. जुन्या लोकांनी अक्षरांची मांडणी ऐकताना पाय ऐकले असणार. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: प्रत्येक चरणात बारा अक्षरं, एक लघु आणि दोन गुरू असे चार तुकडे. त्या मुलीला दाखवायला मी तिचंच वाक्य घेतलं आणि म्हटलं, "म्हण बघू: पहाटे निघाले नदीच्या दिशेने." प-हा-टे, नि-घा-ले, न-दी-च्या, दि-शे-ने. तिने टेबलावर बोट आपटत दोनदा म्हटलं आणि हसली. लहानपणी पाठ केलेल्या श्लोकांची चाल तिच्या तोंडात आपोआप आली होती. ही चाल. शब्द बदलले तरी पाय तेच पडतात.

विज्ञानाचा पाठ्यपुस्तकातला वापर एका परिच्छेदाचा. तिथे चाल म्हणजे एकक काळात कापलेलं अंतर आणि वेग म्हणजे एकक काळातलं विस्थापन. चारशे मीटरच्या गोल धावपट्टीवर कुणी २०० सेकंदांत एक फेरी मारून सुरुवातीच्या जागी परत आलं, तर सरासरी चाल सेकंदाला दोन मीटर आणि सरासरी वेग शून्य, कारण विस्थापनच झालं नाही. बोलण्यात आपण दोन्हींना वेग म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही. विद्यार्थ्यासाठी लिहिताना मात्र दोन्ही शब्द काटेकोर ठेवा.

घरातली चाल, 'आमच्याकडे तशी चाल नाही' यातली, आता कमी ऐकू येते. तिच्या जागी 'पद्धत' आली. जोडशब्दात मात्र ती टिकून आहे: चालीरीती. हा शब्द बहुधा अनेकवचनीच वापरा. वागणुकीबद्दल 'चालचलणूक' म्हणतात, पण त्यात चौकशीचा वास आहे. दाखल्यात ठीक, आपल्या माणसाबद्दल बोलताना टाळलेला बरा.

चाललो, चालेल, चालतं

नाम सोडून क्रियापदाकडे वळलं की रोजचं बोलणं सुरू होतं. 'मी चाललो' (किंवा 'मी चालले') या वाक्याचं रूप भूतकाळाचं आणि अर्थ आत्ता निघण्याचा. दारात उभं राहून आपण 'चाललो हं' म्हणतो तेव्हा एकही पाऊल टाकलेलं नसतं. मनात निघालेलो असतो, आणि मराठीला तेवढं पुरतं. मराठी नव्याने शिकणारे इथे हमखास अडतात. त्यांच्यासाठी सोपी खूण: 'मी शाळेत चाललो' म्हणजे जातो आहे. 'मी शाळेपर्यंत चाललो' म्हणजे पायी गेलो. 'पर्यंत', 'भर', 'दोन किलोमीटर' असं मोजमाप आलं की पाय आले. नुसतं ठिकाण आलं की निघणं आलं. 'तो चालता झाला' म्हणजे काही न बोलता निघून गेला. 'चालता हो' म्हणजे हाकललं. हे दोन्ही चुकूनही गोड अर्थाने वापरू नका.

'चालेल' हा होकार आहे, पण तो मध्यम होकार आहे. 'उद्या पाच वाजता?' 'चालेल.' म्हणजे अडचण नाही. आनंद झाला असेल तर 'आवडेल' म्हणा, करणं शक्य आहे एवढंच सांगायचं असेल तर 'जमेल' म्हणा. वडीलधाऱ्यांनी काही सुचवलं आणि आपण 'चालेल' म्हटलं तर कधीकधी आपण त्यांना परवानगी दिल्यासारखं होतं. तिथे 'हो, चालेल ना' किंवा नुसतं 'हो' जास्त शोभतं. उलट विचारायचं असेल तर 'तुम्हाला चालेल का?' यासारखा नम्र प्रश्न मराठीत दुसरा नाही, कारण त्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक असते.

एखाद्या वाक्यात अडलात तर मी करते तेच करून बघा. वाक्य बाजूला ठेवा आणि विचारा, इथे चालतंय कोण? पाय चालत असतील तर चाल मंदावते, वाढते, तिला दुडकी किंवा झपाझप म्हणता येतं. फौज चालत असेल तर 'वर' आणि 'करणे'. मोहरा असेल तर 'करणे', 'खेळणे', 'चालवणे'. डोकं चालत असेल तर 'रचणे', 'खेळणे', 'ओळखणे'. सूर चालत असतील तर 'लावणे'. उत्तर मिळालं की क्रियापद समोर येऊन उभं राहतं. उत्तर मिळालंच नाही, तर बहुतेक वेळा तिथे चाल नकोच असते. पाऊल, निर्णय, प्रवास, दौरा, यांपैकी काहीतरी हवं असतं.

त्याच अनुवादाचं पुढचं प्रकरण पंधरा दिवसांनी आलं. मध्यावर एक वाक्य होतं: "फौजेने खिंडीवर चाल केली, पण ती चाल शत्रूने आधीच ओळखली होती." एका वाक्यात एकच शब्द दोनदा, दोन अर्थांनी. आधी घोडे निघाले, मग त्या निघण्यामागचा विचार पकडला गेला. माझं पेन सवयीने 'ती चाल'जवळ थांबलं. तिथे 'तो बेत' करता आला असता आणि अर्थ जास्त स्वच्छ झाला असता. मी वाक्य मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि काहीही न बदलता पान उलटलं.